डेटा-स्टोरेज कंपन्यांचे शेअर कसे तपासावेत

नेटॲपची २०१५ आर्थिक वर्षाची विक्री ६.१२ अब्ज डॉलर होती आणि २०२५ आर्थिक वर्षाची ६.५७ अब्ज. मधल्या काळात फोन, कॅमेरे, बँका, इस्पितळं सगळ्यांनी डेटाचे डोंगर रचले, पण डेटा साठवण्याची यंत्रं विकणाऱ्या या मुरलेल्या कंपनीची विक्री दहा वर्षांत मिळून सात-साडेसात टक्केच वाढली. तरीही प्रति शेअर नफा सुमारे १.७५ डॉलरवरून ५.६७ डॉलरवर गेला. कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घेत त्यांची संख्या साधारण एक तृतीयांशाने घटवली, आणि ढोबळ नफ्याचं (विक्रीतून थेट उत्पादन-सेवेचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचं) प्रमाण साठीच्या घरातून सत्तर टक्क्यांपर्यंत नेलं.

या क्षेत्रातल्या कोणत्याही शेअरकडे बघताना हे आकडे समोर ठेवावेत. ‘डेटा वाढतोय, म्हणजे स्टोरेज कंपन्या वाढणार’ हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यावर पैसे लावता येत नाहीत. प्रति टेराबाइट किंमत वर्षानुवर्षं घसरते. डेटा दाबून आणि दुहेरी प्रती काढून टाकून तोच माल कमी जागेत बसवला जातो. वाढीचा मोठा हिस्सा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल यांच्या क्लाउडकडे जातो. म्हणून तपासायचं ते एवढंच: वाढीतला पैसा कुणाच्या हातात राहतो आणि किती राहतो.

आधी कंपनी कुठल्या थरातली आहे ते ठरवा

‘स्टोरेज’ या एका नावाखाली चार वेगवेगळे धंदे येतात आणि त्यांना एकच फूटपट्टी लावली की हिशेब बिघडतो.

पहिला थर सुट्या भागांचा: हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल, फ्लॅश चिप बनवणाऱ्या मायक्रॉन आणि सँडिस्क. सँडिस्क २०२५ च्या फेब्रुवारीत वेस्टर्न डिजिटलमधून वेगळी झाली, त्यामुळे वेस्टर्न डिजिटलच्या त्याआधीच्या आकड्यांशी आजचे आकडे थेट जुळवू नका. दुसरा थर ॲरे बनवणाऱ्यांचा, म्हणजे डिस्क किंवा चिप विकत घेऊन त्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर चढवून बँकांना, कारखान्यांना विकणाऱ्यांचा. नेटॲप आणि प्युअर स्टोरेज या थरात येतात. तिसऱ्या थरात डेल, एचपीई, आयबीएम यांच्यासारखे महाकाय, ज्यांच्या पोटात स्टोरेज हा एक विभाग असतो. चौथा सॉफ्टवेअरचा, उदाहरणार्थ न्यूटॅनिक्स.

तिसऱ्या थरात सगळ्यात जास्त फसगत होते. स्टोरेजच्या बाजारात डेल सर्वांत मोठी, कारण ईएमसी ही बडी स्टोरेज कंपनी तिने २०१६ मध्ये घेतली. पण ३१ जानेवारी २०२५ रोजी संपलेल्या वर्षात डेलची एकूण विक्री सुमारे ९५.६ अब्ज डॉलर होती आणि त्यातलं स्टोरेज साधारण १६.५ अब्ज, म्हणजे १७ टक्के. तो शेअर एआय सर्व्हरच्या मागणीवर आणि लॅपटॉपच्या विक्रीवर हलतो. स्टोरेजवर विश्वास आहे म्हणून डेल घेणारा प्रत्यक्षात दुसऱ्याच गोष्टीवर पैसे लावत असतो. एचपीईचंही तेच, जुलै २०२५ मध्ये जुनिपर ही नेटवर्किंग कंपनी घेतल्यावर ती आणखीनच नेटवर्किंगकडे झुकली. भारतीय बाजारात निव्वळ स्टोरेजची म्हणावी अशी मोठी सूचीबद्ध कंपनी नाही, म्हणून इथली उदाहरणं अमेरिकेचीच.

कागद कुठले उघडायचे

अमेरिकी भांडवल बाजार नियामकाच्या ‘एडगर’ संकेतस्थळावर सगळं फुकट मिळतं. वार्षिक अहवाल १०-के, तिमाही १०-क्यू आणि निकालाच्या दिवशीचं निवेदन ८-के, एवढे तीन पुरतात. निवेदन कंपनीला हवं तसं सजवलेलं असतं, म्हणून त्यावरून मत बनवू नका. १०-क्यू येईपर्यंत थांबा. मोठ्या कंपन्यांना ती तिमाही संपल्यापासून ४० दिवसांत द्यावीच लागते.

एक कोरी स्प्रेडशीट घ्या आणि मागच्या १२ तिमाह्या भरा. रकाने असे: उत्पादनाची विक्री, सेवा व वर्गणीची विक्री, दोन्हींचा ढोबळ नफा वेगवेगळा, कामकाजातून आलेली रोकड, भांडवली खर्च, कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपात दिलेला मोबदला, आगाऊ मिळालेलं पण अजून न कमावलेलं उत्पन्न, मालसाठा, आणि पूर्णपणे पातळ केलेली (म्हणजे कर्मचाऱ्यांना वगैरे द्यायचे राहिलेले शेअरही धरून येणारी) शेअरसंख्या. भरायला पहिल्या कंपनीला तीनेक तास लागतात, पुढच्यांना कमी. हे आकडे तयार देणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नका. तिथे उत्पादन आणि वर्गणी बहुतेक वेळा एकत्रच दिसतात, आणि आपल्याला नेमकी तीच फोड हवी असते.

भरताना तारखांकडे लक्ष असू द्या. नेटॲपचं वर्ष एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी संपतं, प्युअरचं फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एचपीईचं ऑक्टोबरअखेर, सीगेटचं जूनअखेरच्या सुमारास. म्हणजे ‘२०२५’ हे लेबल चार कंपन्यांसाठी चार वेगळे काळ दाखवतं. तुलना करताना तिमाह्या कॅलेंडरप्रमाणे सरकवून घ्या. शिवाय ५२ आठवड्यांच्या वर्षात अधूनमधून एक ५३ वा आठवडा घुसतो. नेटॲपचं २०२१ आर्थिक वर्ष तसंच होतं. एका तिमाहीत १३ ऐवजी १४ आठवडे आले की सेवा-उत्पन्न सात-आठ टक्क्यांनी आपोआप फुगतं आणि पुढच्या वर्षी तीच तिमाही खचल्यासारखी दिसते.

विक्रीचा कस

ॲरे विकणारी कंपनी दोनदा कमावते: एकदा खोकं, म्हणजे यंत्र, विकताना, नंतर वर्षानुवर्षं देखभालीतून. नेटॲपच्या देखभाल-सेवेवरचा ढोबळ नफा ९० टक्क्यांच्या वर आहे. उत्पादनावरचा त्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून एकूण विक्री ५ टक्के वाढली यात फारसं काही कळत नाही. उत्पादनाची विक्री सलग चार तिमाह्या खाली आणि सेवा वर, असं दिसलं तर आज नफा चांगला दिसेल, पण दोन-तीन वर्षांनी देखभाल कशाची करणार? उलटही तपासा: उत्पादन जोरात वाढतंय आणि त्यावरचा नफा खाली येतोय, याचा अर्थ बाजारहिस्सा सवलती देऊन विकत घेतला जातोय, किंवा चिप महागल्यात.

चिपचं गणित नीट समजून घ्या. फ्लॅशचे घाऊक भाव वर गेले की ॲरेवाल्यांना खर्च लगेच लागतो आणि ग्राहकाकडून वाढीव किंमत वसूल व्हायला एक-दोन तिमाह्या जातात. काही कंपन्या भाव कमी असताना माल आधीच उचलून ठेवतात. तसं केलं असेल तर ते ताळेबंदातल्या मालसाठ्यात आणि टिपांमधल्या खरेदी-बांधिलकीच्या आकड्यात दिसतं. मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय याचे दोन अर्थ होतात: हुशारीने केलेली साठवण, किंवा न खपलेला माल. १०-क्यूमधल्या मालसाठ्याच्या टिपेत कच्चा माल आणि तयार माल वेगळे दिलेले असतात. वाढ कच्च्या मालात असेल तर निदान पहिली शक्यता शिल्लक राहते. तयार मालात असेल तर सावध व्हा.

आता वर्गणीचा घोळ. ग्राहकाने खोकं विकत घेतलं तर उत्पन्न लगेच नोंदतात. तीच क्षमता त्याने मासिक सेवा म्हणून घेतली तर उत्पन्न काही वर्षांत पसरतं. प्युअरने २०२३ च्या नोव्हेंबरात वार्षिक विक्रीचा अंदाज कमी केला तेव्हा ग्राहक अपेक्षेपेक्षा जास्त संख्येने ‘एव्हरग्रीन वन’ या सेवेकडे वळल्याचं मोठं कारण दिलं होतं, आणि शेअर पडला. अशा वेळी खरंच मागणी घटली की फक्त नोंदीची पद्धत बदलली, हे ओळखायला दोन आकडे आहेत. एक, करार झालेलं पण अजून पुरवायचं राहिलेलं काम. ते टिपांमध्ये ‘उर्वरित कामगिरी-बंधनं’ या अर्थाच्या मथळ्याखाली मिळतं. दुसरा, बिलिंग, जो आपण स्वतः काढायचा: तिमाहीची विक्री अधिक आगाऊ उत्पन्नातला फरक.

समजा विक्री १०० आहे आणि आगाऊ उत्पन्न ४०० वरून ४१२ झालं, बिलिंग ११२. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत विक्री १०४, पण आगाऊ उत्पन्न ४३० वरून ४२२, बिलिंग ९६. विक्री ४ टक्के वाढलेली दिसते, प्रत्यक्षात ग्राहकांना फाडलेली बिलं १४ टक्क्यांनी घटली. मथळ्यात पहिला आकडा येतो. ही तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, लगतच्या तिमाहीशी नाही, कारण कंपन्यांची खरेदी वर्षाअखेरीस तुंबते.

‘रन रेट’ या शब्दापाशी थबका. नेटॲपने २०२५ आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत फ्लॅश ॲरेचा वार्षिक रन रेट ४.१ अब्ज डॉलर सांगितला. तो म्हणजे त्या एका तिमाहीची फ्लॅशमधली उत्पादन आणि सेवा मिळूनची विक्री गुणिले चार. वर्गणी कंपन्या सांगतात तो ‘वार्षिक आवर्ती महसूल’ करारांवर बेतलेला असतो, हा तसा नाही. दोन्ही आकडे सादरीकरणात एकाच ढबीच्या स्तंभात येतात. प्रत्येक कंपनीची व्याख्या निवेदनाच्या तळटिपेत असते. ती वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका.

नफा दोन, रोकड एक

प्युअरचं २०२५ आर्थिक वर्ष जवळून बघू, कारण त्यात सगळी गंमत एका जागी आहे. विक्री ३.१७ अब्ज डॉलर. कंपनीच्या स्वतःच्या समायोजित पद्धतीने कामकाजाचा नफा ५५.९ कोटी डॉलर. सर्वमान्य हिशेबपद्धतीने तोच नफा ८.५ कोटी डॉलर. मधल्या दरीचा बहुतेक भाग म्हणजे कर्मचाऱ्यांना पगाराबरोबर दिलेले शेअर, वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक. कामकाजातून आलेली रोकड ७५.४ कोटी, भांडवली खर्च वजा जाता मोकळी रोकड ५२.७ कोटी.

आता या ५२.७ कोटींतून शेअर-मोबदला वजा करा. उरतात दहाएक कोटी. ‘तो खर्च रोखीतला नाही’ हा युक्तिवाद नेहमी होतो. पण नवे शेअर वाटल्यावर जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होऊ नये म्हणून कंपनी बाजारातून शेअर परत घेते, तेव्हा नेमकी रोकडच जाते. पडताळणी सोपी आहे: तीन वर्षांत शेअर परत घेण्यावर किती खर्च झाला ते रोकड-प्रवाहाच्या पत्रकातून घ्या, आणि त्याच काळात शेअरसंख्या किती घटली ते बघा. एवढा पैसा ओतून संख्या जिथल्या तिथे असेल तर तो खर्च पगाराचाच होता. नेटॲपमध्ये संख्या खरोखर घटली, हा दोघींतला मोठा फरक. म्हणून नेटॲप चांगली आणि प्युअर वाईट असं ठरत नाही. २०२५ आर्थिक वर्षात प्युअरची विक्री १२ टक्के वाढत होती, नेटॲपची ५. पण दोघींच्या ‘समायोजित’ पी/ई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) शेजारी शेजारी ठेवल्या तर हा फरक दिसणारच नाही.

सुट्या भागांची चक्रं

डिस्क आणि चिपचा धंदा लासलगावच्या कांद्यासारखा आहे: भाव चढले की सगळे लागवड वाढवतात आणि माल एकदमच बाजारात येतो. सीगेटची विक्री २०२२ आर्थिक वर्षात ११.६६ अब्ज डॉलर होती, २०२३ मध्ये ७.३८ अब्ज आणि वर ५२.९ कोटींचा तोटा. २०२५ मध्ये पुन्हा ९.१ अब्ज.

२०२२ च्या जानेवारीत हा शेअर शंभर डॉलरच्या वर होता आणि मागच्या नफ्यावरची पी/ई १५ च्या आत-बाहेर, म्हणजे दिसायला स्वस्त. त्याच ऑक्टोबरपर्यंत किंमत जवळपास निम्म्यावर आली. चक्रीय कंपनीत नफा शिखरावर असतो तेव्हाच पी/ई सगळ्यात कमी दिसते आणि तोटा होतो तेव्हा पी/ई काढताच येत नाही. त्यामुळे इथे एका वर्षाचा नफा वापरायचा नाही. सात-आठ वर्षांचा सरासरी ढोबळ नफा-दर आजच्या विक्रीला लावा आणि त्यावर मोजा. जोडीला प्रत्येक तिमाहीत पाठवलेले एक्साबाइट (एक एक्साबाइट म्हणजे दहा लाख टेराबाइट) आणि प्रति टेराबाइट मिळालेली सरासरी किंमत नोंदवा; ती थेट दिलेली नसेल तर महसुलाला क्षमतेने भागून येते. क्षमता वाढतेय आणि किंमत टिकतेय, ही हार्ड डिस्कमधली सुगी. हार्ड डिस्कमध्ये सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा असे तीनच उत्पादक उरले आहेत, त्यामुळे शिस्त राहण्याची शक्यता चिपपेक्षा जास्त. ‘आता चक्र संपलं’ असं मात्र दर तेजीत कुणी ना कुणी म्हणतंच.

एका गिऱ्हाइकावर किती भिस्त

१० टक्क्यांहून जास्त विक्री देणारा ग्राहक कंपनीला जाहीर करावा लागतो. ते वाक्य शोधताना दोन प्रकार वेगळे करा. नेटॲपच्या यादीत ॲरो आणि टीडी सिनेक्स दिसतात, पण ते वितरक आहेत. त्यांच्यामागे हजारो ग्राहक असतात. प्रत्यक्ष वापरणारी एकच कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. फ्लॅश स्टोरेज विकणारी फ्यूजन-आयओ २०११ मध्ये १९ डॉलरला बाजारात आली. तिची विक्री मुख्यतः फेसबुक आणि ॲपल यांच्यावर उभी होती. त्यांच्या खरेदीला खंड पडू लागला तसे आकडे डगमगले, आणि २०१४ मध्ये सँडिस्कने ती ११.२५ डॉलर प्रति शेअरला घेतली. उत्पादन उत्तम होतं, त्याबद्दल वाद नाही.

आज हाच प्रश्न बड्या क्लाउड कंपन्यांशी झालेल्या करारांबाबत विचारायचा. प्युअरने डिसेंबर २०२४ मध्ये अशा एका कंपनीने आपलं तंत्रज्ञान निवडल्याचं सांगितलं आणि शेअर दुसऱ्या दिवशी २० टक्क्यांहून जास्त उसळला. बरोबर वर्षभराने, डिसेंबर २०२५ च्या निकालानंतर, तो एका दिवसात पाव भागाहून अधिक पडला. अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा: पैसा खोक्यांच्या विक्रीतून येणार की सॉफ्टवेअर शुल्कातून, करारात किमान खरेदीची हमी आहे का, आणि पुढच्या १०-केमध्ये त्या ग्राहकाचं नाव किंवा टक्केवारी येते का.

निंबल स्टोरेज २०१३ मध्ये २१ डॉलरला आली आणि २०१७ मध्ये एचपीईने ती १२.५० ला घेतली. टिन्ट्री २०१७ मध्ये ७ डॉलरला आली आणि साधारण वर्षभराने दिवाळखोरीत गेली. व्हायोलिन मेमरी २०१३ ते २०१६, तोच शेवट. ‘कुणीतरी मोठी कंपनी हिला विकत घेईल’ या आशेवर शेअर घेणाऱ्यांनी ही यादी बघावी. डेटा डोमेन आणि थ्रीपार या स्टोरेज कंपन्यांसाठी बोली लागली हे खरं, पण त्या दोघी विकल्या गेल्या तेव्हा भक्कम होत्या.

भाव बरोबर आहे का

बाजारमूल्यात कर्ज मिळवा, रोकड वजा करा. समजा बाजारमूल्य २० अब्ज, कर्ज २.५ अब्ज, रोकड ३ अब्ज. धंद्याची किंमत १९.५ अब्ज. मोकळी रोकड १.३ अब्ज आणि शेअर-मोबदला ०.४ अब्ज असेल तर खरी रोकड ०.९ अब्ज, म्हणजे ४.६ टक्के परतावा. मग उलटा प्रश्न: मला वर्षाला १० टक्के हवेत, तर ही रोकड दरवर्षी साधारण साडेपाच टक्के वाढायला हवी, तीही दीर्घकाळ. मागच्या १२ तिमाह्यांत तसं झालंय का, हे तुमच्या स्प्रेडशीटमध्येच आहे. प्युअरसारख्या वेगाने वाढणाऱ्या कंपनीत पहिला आकडा कधी एक टक्क्यावरही येतो. तिथे तुम्ही दहा वर्षांची वाढ आज आगाऊ देत असता. द्यायला हरकत नाही, फक्त ते कळून द्यावं.

गार्टनर या संशोधन संस्थेच्या क्रमवारीच्या चौकटीत कंपनी ‘अग्रणी’ आहे का, याला मूल्यांकनात शून्य गुण. जवळपास प्रत्येकीच्या सादरीकरणात ती असते.

इथून घेताना

पुण्यात स्टोरेज सॉफ्टवेअरचं काम जुनं आहे. व्हेरिटासचं मोठं केंद्र इथे होतं, द्रुवा २००८ मध्ये इथेच सुरू झाली. अशा कंपन्यांत काम करणाऱ्यांना उत्पादन आतून कळतं, पण पगारही तिथूनच आणि बचतही तिच्याच शेअरमध्ये असेल तर एक वाईट तिमाही दोन्हीकडून लागते. मिळालेले शेअर आज रोख असते तर तेवढ्याचेच विकत घेतले असते का, असा हिशेब दरवर्षी करावा. कर्मचाऱ्यांना निकालाच्या आसपास व्यवहाराला बंदी असते, तेव्हा विक्रीच्या तारखा आधीच बघून ठेवाव्यात.

परदेशात पैसे पाठवायची मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के कर आगाऊ कापला जातो. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापतात. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर इथे १२.५ टक्के. परदेशी मालमत्तेचा तक्ता मात्र आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबरचा भरायचा असतो. चुका बहुतेक तिथेच होतात. आणि अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर तिथला वारसा कर वारसांच्या मागे लागू शकतो, हे घरात कुणाला तरी सांगून ठेवा.

निकाल बहुधा न्यूयॉर्कच्या बाजारानंतर येतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दीडनंतर, थंडीत अडीचनंतर. त्या वेळी जागून खरेदी-विक्री करू नका. सकाळी निवेदन वाचा, बिलिंग काढा, शेअरसंख्या तपासा आणि पुढच्या तिमाहीच्या अंदाजाचा मध्यबिंदू मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष आकड्याशी ताडून बघा. बाजार संध्याकाळी सातला किंवा आठला पुन्हा उघडतो.